पाद ते बाद: लॅनोच्या लायब्ररीतली १७ पुस्तकं

रानजाई | शनिवार, रात्री १०:१२

मार्च-एप्रिलमध्ये ब्लूबॉनेटची फुलं बघायला आम्ही ऑस्टिनवाले सगळे गाड्या काढून वायव्येला सुटतो, गेल्या वर्षी आम्हीपण गेलो आणि वाटेत टेक्सासातलंच लॅनो लागलं. छोटंसं गाव, नदी, ग्रॅनाइटचे दगड, बार्बेक्यूचा धूर, हरणांच्या शिकारीचं कौतुक. अख्ख्या काउंटीत मिळून वीस-बावीस हजार माणसं असतील, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी बाजारगावाएवढी. नवरा म्हणाला, हेच का ते पुस्तकांच्या भांडणवालं? म्हणलं हो हेच. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होते, मग डिसेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे प्रकरण ऐकायलाच नकार दिला, त्यामुळे आता गोष्ट संपली (किंवा सुरू झाली), तर लिहून टाकते. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

तर २०२१ चा उन्हाळा. काउंटीच्या तीन शाखा आहेत लायब्ररीच्या. काही लोकांनी तक्रार केली ती कशाबद्दल, तर पादाच्या पुस्तकांबद्दल. हो, पाद. एक लॅरी नावाचा पादरा लेप्रेकॉन (आयरिश गोष्टींतला बुटका) आहे, एक पादरा स्नोमॅन आहे, एका हंसाला गॅस झालाय, एक पादरं हृदय आहे, आणि तीन पुस्तकं नुसती ढुंगणाबद्दल. एकूण सात. आता ज्याच्या घरात पाच वर्षांचं पोर आहे त्याला माहितीये की या वयात जगात याहून विनोदी विषय नसतो, माझा धाकटा तर असं पुस्तक हातात आलं की सोफ्यावरून खाली पडायचा. पण तक्रार अशी होती की ही पुस्तकं मुलांना वाईट वळणाला लावायची तयारी आहे. पुस्तकं गेली.

मग ऑक्टोबरमध्ये राज्याच्या विधानसभेतल्या मॅट क्राउझ नावाच्या आमदाराने सुमारे ८५० पुस्तकांची यादी काढली आणि शाळांना पत्र पाठवलं की यातली किती तुमच्याकडे आहेत सांगा. वंश, लैंगिकता, मुलांना अस्वस्थ वाटेल असं काही. यादी शाळांसाठी होती बरं का. पण अशी यादी एकदा बाहेर पडली की ती व्हॉट्सॲप फॉरवर्डसारखी कुठेही पोचते, तशी लॅनोला पोचली, एका बाईंनी आपल्या लायब्ररीत यातलं काय काय आहे ते शोधून, सगळं अश्लील आणि घाण आहे असं लिहून थेट काउंटी जजला ईमेल केली.

(काउंटी जज म्हणजे काळा कोट घालून बसणारा न्यायाधीश असं समजू नका. टेक्सासात त्याचं मुख्य काम आपल्या जिल्हा परिषद अध्यक्षासारखं, आणि कमिशनर्स कोर्ट म्हणजे कोर्ट नाही, ती जिल्हा परिषदच. मला हे कळायला चार वर्षं लागली.)

त्यानंतर धडाधड. डिसेंबरमध्ये तीन दिवस लायब्ऱ्या बंद ठेवून कर्मचाऱ्यांना मुलांची पुस्तकं तपासायला बसवलं. ई-पुस्तकांची ओव्हरड्राइव्ह सेवा होती, त्यात सतराएक हजार पुस्तकं, त्यातली दोन नकोशी होती आणि दोनच बंद करता येईनात, तर सगळी सेवाच बंद! जुनं सल्लागार मंडळ बरखास्त करून नवं बसवलं, त्यात यादी पाठवणाऱ्या बाईही आल्या. किंग्जलँड शाखेच्या मुख्य ग्रंथपालबाई पुस्तकं काढायला तयार नव्हत्या, त्यांना मार्च २०२२ मध्ये नोकरीवरून काढलं. त्या कोर्टात गेल्या आणि २०२५ मध्ये २ लाख २५ हजार डॉलरला तडजोड झाली, पण तोवर तीन वर्षं गेली की हो.

तर अशी काढली एकूण १७ पुस्तकं. सात पादाची ती सोडा. उरलेल्या दहात बघा काय आहे. मुलांना वयात येण्याबद्दल सांगणारं एक, मॉरिस सेंडॅकचं १९७० सालचं चित्रपुस्तक ज्यात एक बाळ स्वप्नात नागडं फिरतं (त्या काळात म्हणे काही लायब्ऱ्यांनी रंग घेऊन त्या पोराला लंगोट रंगवला होता!), ट्रान्सजेंडर मुलीचं आत्मकथन, किशोरांच्या काही कादंबऱ्या. आणि दोन अशी की मी थबकलेच. एक कु क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या दहशतवादी संघटनेचा इतिहास. दुसरं इझाबेल विल्करसनचं 'कास्ट'.

आता 'कास्ट' आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलंय. अमेरिकेतला वर्णभेद हा जातीव्यवस्थाच आहे असं मांडणारं पुस्तक, त्यात बाबासाहेब आहेत, १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंताला लिहिलेलं पत्र आहे. ते मोठ्यांच्या विभागातलं पुस्तक, त्यात ना चित्र ना ढुंगण. मुलांना वाचवण्यासाठी म्हणून काढलेल्या पुस्तकांत हे काय करतंय?

आणि काउंटीचं कोर्टातलं उत्तर काय, तर आम्ही बंदी घातलीच नाही, आम्ही वीडिंग केलं. वीडिंग म्हणजे तण काढणं, आपल्याकडे ग्रंथपाल 'बाद करणं' म्हणतात. ते खरंच करावं लागतं, नाहीतर लायब्ररीचं गोदाम होईल. गंमत म्हणजे त्याची जगभर वापरली जाणारी पद्धत टेक्सासच्याच स्टेट लायब्ररीने बनवलीये, त्यात सहा कसोट्या: माहिती चुकीची ठरलीये का, पुस्तक फाटकं-कुबट झालंय का, नवी आवृत्ती आलीये का, फुटकळ आहे का, इथल्या वाचकांना कामाचं आहे का, दुसरीकडे सहज मिळतं का. 'कास्ट' प्रकाशित झालं ऑगस्ट २०२० मध्ये. वर्षभरात जीर्ण झालं??

गावातल्या सात वाचकांनी एप्रिल २०२२ मध्ये दावा लावला. आणि मग माझा सगळ्यात आवडता भाग. त्यांच्याच वकिलाकडून त्या १७ पुस्तकांच्या प्रती लायब्ररीला देणगी आल्या. लायब्ररीने त्या घेतल्या आणि आत ऑफिसात ठेवल्या. शेल्फवर नाहीत, कॅटलॉगमध्ये नाव नाही. येऊन तोंडाने मागितलं तर मिळेल. आणि काउंटी कोर्टात म्हणते, बघा पुस्तकं तर उपलब्ध आहेत, आता तक्रार कसली?

मार्च २०२३ मध्ये न्यायाधीश पिटमननी सांगितलं की २४ तासांत पुस्तकं जागेवर ठेवा, कॅटलॉगमध्ये घाला. त्यावर एप्रिलमध्ये काउंटीने खास सभा घेतली, विषय: लायब्ररी चालू ठेवायची की बंदच करून टाकायची. सतरा पुस्तकांसाठी तीन लायब्ऱ्या! लोक जमले, बोलले, शेवटी चालू ठेवायचं ठरलं. जून २०२४ मध्ये अपील कोर्टाच्या तिघांच्या बेंचने आठ पुस्तकं परत ठेवा म्हणलं, पादाची सात आणि नागड्या चित्रांची दोन वगळून. मग २३ मे २०२५ ला त्याच कोर्टाच्या सतरा न्यायाधीशांच्या मोठ्या बेंचने तेही फिरवलं, १० विरुद्ध ७. आणि सुप्रीम कोर्टाने हात झटकले. त्यामुळे टेक्सास, लुइझियाना, मिसिसिपी या तीन राज्यांत आता हाच कायदा.

निकालात बहुमताच्या न्यायाधीशांनी लिहिलंय की सगळ्यांनी जरा दीर्घ श्वास घ्या, कोणी पुस्तकं जाळत नाहीये, बंदीही घालत नाहीये, लायब्ररीत नाही मिळालं तर ऑनलाइन मागवा, दुकानात घ्या, मित्राकडून आणा. हे वाचून मला आमच्या गावातलं (कोकणातलं, तिथे आजही पुस्तकाचं दुकान नाही) वाचनालय आठवलं.

मला विचारायचंय ते हे की आपल्याकडे पुस्तक बाद कोण करतं? कसं करतं? कोणी ग्रंथपाल इथे असतील तर सांगा.

---

झिपरी | शनिवार, रात्री १०:४०

पाद ते बाद __/\__ शीर्षकालाच टाळ्या.

पण ताई, तिघांच्या बेंचने पादाची पुस्तकं का वगळली? त्यांनी काय पाप केलं

---

रानजाई | शनिवार, रात्री १०:५५

@झिपरी, एका न्यायाधीशाचं म्हणणं साधारण असं की एखादा *विचार* दाबायला पुस्तक काढलं तर ते घटनाबाह्य, पण पादात विचार कुठला? दुसरे न्यायाधीश म्हणत होते सतराच्या सतरा परत ठेवा. म्हणजे लॅरीला एक मत पडलं.

---

स्पष्टवक्ता_७१ | शनिवार, रात्री ११:२०

लेख चांगला आहे पण एकांगी वाटला. माझं मत लोकांना आवडणार नाही तरी मांडतो.

लायब्ररी करदात्यांच्या पैशाने चालते. त्या गावातल्या बहुसंख्य लोकांना एखादं पुस्तक मुलांच्या हाताशी नको असेल तर निवडून दिलेल्या लोकांनी काय करायचं? ग्रंथपालाला कोणी निवडून दिलेलं नसतं. तो पाच हजारांतून पाच पुस्तकं निवडतो तेव्हा बाकीची पुस्तकं नाकारतोच ना, त्याला कोणी सेन्सॉरशिप म्हणत नाही, आणि त्याच्याही आवडीनिवडी असतात, राजकारण असतं. मग नाकारायचा अधिकार फक्त त्यालाच का? आणि वयात येण्याबद्दलचं जे पुस्तक तुम्ही अर्ध्या वाक्यात उरकलंत त्यात नग्न चित्रं आहेत, संभोगाचं चित्र आहे, दहा वर्षांच्या मुलांसाठी. मी जुन्या वळणाचा आहे म्हणा, पण माझ्या नातीने ते माझ्याशिवाय उघडू नये असं मला वाटलं तर मी लगेच फॅसिस्ट होत नाही.

---

रानजाई | शनिवार, रात्री ११:४८

काका, फॅसिस्ट कोणी म्हणत नाहीये हो. नातीबद्दलचं तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य, माझ्या मुलाच्या कार्डावर मीपण लक्ष ठेवते. ते पुस्तक वरच्या फळीवर ठेवा, पालक विभागात ठेवा, यावर मी भांडणार नाही. पण तुमच्या नातीने उघडू नये म्हणून शेजारच्या घरातल्या मुलीलाही मिळू नये, इथे आपलं फाटतं. आणि 'कास्ट'चं काय? ते कुठल्या नातीपासून लपवायचं होतं?

ग्रंथपालही नाकारतो हा मुद्दा मात्र बरोबर आहे, त्यावर मला झटकन उत्तर सुचत नाहीये. विचार करते.

---

तारीख_पे_तारीख | रविवार, सकाळी ८:१५

कायद्याचं थोडं. (मी इथला वकील, अमेरिकेतला नाही, पण निकाल वाचलाय, वाचायला मजा येते.)

१९८२ चं पिको म्हणून प्रकरण आहे, न्यूयॉर्कमधल्या शाळेच्या लायब्ररीतली पुस्तकं बोर्डाने काढली होती. तेव्हा सुप्रीम कोर्टाने साधारण असं म्हणलं की नुसता विचार आवडला नाही म्हणून पुस्तक काढता येणार नाही, पण त्याला बहुमत नव्हतं, न्यायाधीशांनी वेगवेगळी मतं लिहिली. त्यामुळे चाळीस वर्षं खालची कोर्टं चाचपडत होती. लॅनोत दोन मुद्दे होते. पहिला, वाचकाला पुस्तक लायब्ररीत राहावं असा हक्क सांगता येतो का? दहा म्हणाले नाही. दुसरा मुद्दा जास्त धोक्याचा, की लायब्ररीने काय ठेवायचं हे 'सरकारचं स्वतःचं बोलणं' आहे, सरकार काय बोलतं यावर कोणी खटला भरू शकत नाही. यावर सातच जण सहमत झाले, म्हणजे बहुमत नाही. विरोधातल्या सातांनी लिहिलं की आम्ही पुस्तकं जाळणाऱ्यांत सामील होणार नाही, हा शब्द राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरच्या १९५३ च्या भाषणातला.

सरकारचं बोलणं ही कल्पना जरा ताणून बघा. एकाच कपाटात गांधी आणि गोडसे दोघं असतात. मग सरकार नक्की काय बोलतंय?

आता आपल्याकडे. पुस्तकावर बंदी घालायची तर पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) कलम ९५ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९८. सरकारला अधिसूचना काढावी लागते, त्यात कारणं लिहावी लागतात, आणि ज्याला आक्षेप आहे तो दोन महिन्यांत हायकोर्टात जाऊ शकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरच्या गृहखात्याने २५ पुस्तकं याच कलमाखाली जप्त ठरवली, अरुंधती रॉय, नूरानी वगैरे. आवडो न आवडो, पण कागद आहे. कागद असला की त्याच्याविरुद्ध जाता येतं. स्पष्टवक्ता काकांना माझं एवढंच उत्तर की निवडून आलेल्यांना अधिकार असेल तर त्यांनी तो लिहून वापरावा. भानगड बिनकागदाची असते.

---

जुनाट सायकल | रविवार, सकाळी ९:०५

तारीखशी सहमत. जुनी जखम आहे, पण लिहितो.

५ जानेवारी २००४. पुण्यातल्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत घुसून संभाजी ब्रिगेडच्या लोकांनी जे केलं ते पुणेकर विसरणार नाहीत. मी तेव्हा डेक्कनला नोकरीला होतो, दुपारी कळलं, सायकल काढून लॉ कॉलेज रोडला गेलो. जेम्स लेनच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकात ऋणनिर्देशात संस्थेचं नाव आहे, एवढाच संस्थेचा गुन्हा. कपाटं उलटली, पोथ्या विस्कटल्या, कार्ड कॅटलॉगची कार्डं जमिनीवर. ज्याने कधी कार्ड कॅटलॉग लावलाय त्याला विचारा एकेक कार्ड पुन्हा क्रमाने लावणं काय असतं.

पण क्रम बघा. ऑक्सफर्डने ते पुस्तक भारतातून नोव्हेंबर २००३ मध्येच मागे घेतलं होतं. मग जानेवारीत हल्ला झाला. आणि *मग* सरकारने बंदी घातली, दुकानात नसलेल्या पुस्तकावर. हायकोर्टाने २००७ मध्ये ती रद्द केली, सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये हायकोर्टाचं बरोबर म्हणलं. म्हणजे कायद्याने ते पुस्तक आज मोकळं आहे. मी तरी एकाही सार्वजनिक वाचनालयाच्या कपाटात पाहिलेलं नाही. (पुस्तक मलाही पटलं नाही, त्यातली ती ऐकीव वाक्यं फालतू आहेत. तो मुद्दा वेगळा.)

---

बबन_नेपरव्हिल | रविवार, सकाळी ९:३१

आमच्या इलिनॉयने उलटं केलंय ते सांगतो. जून २०२३ मध्ये कायदा झाला, जानेवारी २०२४ पासून लागू. सरकारी अनुदान हवं असेल तर लायब्ररीने लिहून द्यायचं की पक्षाच्या किंवा विचारसरणीच्या कारणावरून पुस्तक काढणार नाही. असा कायदा करणारं पहिलं राज्य. म्हणजे दोरी तीच अनुदानाची, पण दुसऱ्या बाजूने ओढलेली. काही छोट्या लायब्ऱ्यांनी आम्हाला तुमचं अनुदान नको म्हणून सोडून दिलं हेही खरं.

आणि मिशिगनमध्ये जेम्सटाउन म्हणून टाउनशिप आहे, तिथे २०२२ मध्ये लोकांनी दोनदा मतदान करून लायब्ररीचा करच नाकारला, एलजीबीटी विषयाची मोजकी पुस्तकं कपाटात आहेत म्हणून. नोव्हेंबर २०२३ ला तिसऱ्यांदा मतदान झालं तेव्हा पास झाला.

अजून एक. आपल्याला वाटतं एखादी चिडलेली आई येऊन तक्रार करते. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचा २०२४ चा आकडा आहे, ७२ टक्के मागण्या संघटित गट आणि सरकारी पदाधिकाऱ्यांकडून आल्या, पालकांकडून १६ टक्के. यादी एकीकडे बनते आणि शंभर गावांत वाजते.

---

इरावती_के | रविवार, सकाळी ११:१०

'कास्ट' आणि काउंटी वाचून फुल्यांची आठवण झाली. १८७३ साली 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, गुलामांना मुक्त केलं म्हणून. दीडशे वर्षांनी त्याच देशातल्या एका लायब्ररीने जात आणि वर्ण जोडून दाखवणारं पुस्तक बाद केलं. काय बोलणार.

आपण इथे फार उड्या मारायला नकोत पण. १९८७-८८ ला बाबासाहेबांच्या 'रिडल्स इन हिंदुइझम'वरून काय झालं होतं? खंड राज्य सरकारनेच छापलेला, राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून शिवसेनेने रान उठवलं, सरकार ते वगळायला निघालं, मग दलित संघटनांचा मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला, तेव्हा कुठे परिशिष्ट राहिलं आणि सोबत तळटीप आली की या मतांशी शासन सहमत आहे असं नाही. माझ्या वडिलांकडे तो खंड आहे. पाहुणे आले की आधी तळटीप दाखवायचे आणि म्हणायचे हे सगळ्यात महाग वाक्य आहे बघा.

---

झिपरी | रविवार, सकाळी ११:२२

@इरावती, सरकारचं बोलणं म्हणजे काय याचं उत्तर १९८८ लाच मिळालं होतं की. छापतो पण सहमत नाही!

---

कपाट क्र. ४ | रविवार, दुपारी ३:४०

नमस्कार. मी एका तालुक्याच्या गावी शासनमान्य ब वर्ग वाचनालयात ग्रंथपाल आहे, एकोणीस वर्षं झाली. गाव-जिल्हा सांगत नाही. ताईंनी विचारलं म्हणून लिहितोय, एरवी मी इथे नुसता वाचनमात्र असतो.

आपल्याकडे १९६७ च्या कायद्याखाली वाचनालय सरकारचं नसतं, संस्थेचं असतं. कार्यकारी मंडळ असतं, अध्यक्ष, कार्यवाह. सरकार वर्गाप्रमाणे अनुदान देतं, अ ब क ड. वर्षातून तपासणी होते. माझा पगार त्या अनुदानातून निघतो आणि तो किती ते विचारू नका, गवंड्याच्या हाताखालचा माणूस जास्त मिळवतो. तर अशा ठिकाणी पुस्तक काढायला आमदार लागत नाही, जीआर लागत नाही. कार्यवाहांना एक फोन पुरतो.

पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे आला. एका पुस्तकावरून टीव्हीवर आठवडाभर चालू होतं, कुठलं ते सांगत नाही, मराठीच, इतिहासाचं. आमच्याकडे एक प्रत होती, सभासदांनी मागणी केली म्हणून घेतलेली, दोन वर्षांत चौदा वेळा गेलेली, म्हणजे आमच्या मानाने बरीच. गावातल्या एका पुढाऱ्याचा फोन कार्यवाहांना. तो माणूस तसा वाईट नाही, वाचनालयाच्या छपरासाठी पत्रे त्यानेच दिलेत. बोलणं पण गोड होतं. "सर, आपल्याकडे ते आहे असं पोरं म्हणत होती, मी म्हटलं आपल्या वाचनालयात असं काही नसणार." झालं. धमकी नाही, मागणी नाही. तुम्ही कोर्टात काय दाखवणार?

कार्यवाह मला म्हणाले, भाऊ, बघा काय ते. यात 'काढा' असं कुठे आहे? नाही. मी त्या संध्याकाळी पुस्तक उचललं, दाखल रजिस्टरात शेरा मारला, 'जीर्ण, बाद'. निर्लेखनाच्या यादीत पंचांगं, फाटकी रहस्यकथा आणि जुने दिवाळी अंक यांच्या मध्ये ते घातलं, मंडळाच्या सभेत यादी वाचल्याशिवाय मंजूर झाली, नेहमीच होते. पुस्तक कोरं करकरीत होतं. रद्दीत द्यायला हात होईना म्हणून कपाट क्रमांक चारमध्ये ठेवलं, किल्ली माझ्याकडे.

ताईंनी लिहिलंय ना, ते ऑफिसात ठेवलेलं, तोंडाने मागितलं तर मिळणारं. ते वाचून मी थांबलोच.

स्पष्टवक्ता काकांनी विचारलं ग्रंथपालही नाकारतोच ना. नाकारतो. पण निवड करताना मी विचार करतो की हे कोण वाचेल, मास्तर नेतील का, स्पर्धा परीक्षेच्या पोरांना लागेल का, माळी बाई दर शनिवारी येतात त्यांना आवडेल का. बाद करताना त्या दिवशी मी एकाच माणसाचा विचार केला आणि तो आमचा सभासद पण नाही.

आणि खरं नुकसान त्या एका प्रतीचं नाही. त्यानंतर ग्रंथनिवड करताना मी काय काय घेतलं नाही ते मलाच माहीत. यादीवर बोट ठेवायचं, मनात यायचं हे नको, उगाच कशाला. त्याची नोंद कुठल्या रजिस्टरात नसते. तपासणीला आलेल्या साहेबांनी पण विचारलं नाही, विचारणार कसं, जे घेतलंच नाही त्याला दाखल क्रमांक नसतो.

---

रानजाई | रविवार, संध्याकाळी ५:०२

दादा, काय लिहू कळत नाहीये. लिहिलंत त्याबद्दल थँक्यू.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर मी काल रात्रभर शोधत होते, ते तुम्ही दिलंत.

---

स्पष्टवक्ता_७१ | रविवार, संध्याकाळी ५:३०

कपाट क्र. ४ यांचा प्रतिसाद प्रामाणिक आहे. माझा नातीचा मुद्दा कायम, पण अशा फोनचं समर्थन मी करत नाही. पुढाऱ्याला आक्षेप होता तर त्याने वाचनालयाला पत्र द्यायचं, सहीनिशी, पुस्तकाचं पान क्रमांक लिहून. निदान पुस्तक उघडावं तरी लागलं असतं.

---

तारीख_पे_तारीख | रविवार, संध्याकाळी ५:४१

काका, बऱ्याच अमेरिकन लायब्रऱ्यांत नेमका तसाच छापील अर्ज असतो. पहिल्यांदा विचारतात, तुम्ही पूर्ण पुस्तक वाचलंय का? मग समिती वाचते, लेखी उत्तर देते, तोवर पुस्तक शेल्फवरच. दादा, तुमच्या मंडळात असा एक पानाचा नियम करून घेता येईल का? संस्थेच्या ठरावाने होईल, सरकारला विचारायची गरज नाही. पुढच्या फोनला कार्यवाहांना म्हणता येईल, साहेब अर्ज पाठवतो, भरून द्या.

---

जुनाट सायकल | रविवार, संध्याकाळी ६:१०

अर्ज भरून देणारा पुढारी मला दाखवा, चहा माझ्याकडून. (पण कल्पना चांगली आहे. मराठीत मसुदा करून इथेच टाका.)

---

कपाट क्र. ४ | रविवार, रात्री ९:२५

मसुदा टाका, मार्चच्या सर्वसाधारण सभेत मांडून बघतो. मंजूर होईल असं नाही.

काही जणांनी व्यनि करून विचारलं की पुस्तक परत कपाटात का ठेवत नाही. अहो, ते रजिस्टरात बाद आहे. बाद झालेलं पुस्तक देवघेवीला लावलं आणि तपासणीत सापडलं तर मी काय सांगू? परत दाखल करायचं तर नवीन दाखल क्रमांक, म्हणजे देणगी म्हणून दाखवावं लागेल, म्हणजे देणगीदाराचं नाव लागेल.

---

इरावती_के | रविवार, रात्री ९:३३

माझं नाव लिहा. खरं नाव व्यनि करते.

---

जुनाट सायकल | रविवार, रात्री ९:५०

माझं पण. दुसरी प्रत पाठवतो, पोस्टाने येईल, पत्ता फक्त व्यनित द्या.

---

कपाट क्र. ४ | रविवार, रात्री १०:१५

बघतो. आज काही सांगत नाही. गेल्या महिन्यात कॉलेजची एक मुलगी आली होती, प्रकल्पासाठी हेच पुस्तक शोधत. मी नाही म्हणालो. कॅटलॉगमध्ये नाही हे तिला दाखवलं पण. तिचा सभासद क्रमांक आहे माझ्याकडे.

---

झिपरी | रविवार, रात्री १०:३०

एवढ्या गंभीर धाग्यात विचारायला लाज वाटतेय पण रानजाई ताई, तो पादरा लेप्रेकॉन तुमच्या लायब्ररीत आहे का? भाचा पुढच्या आठवड्यात ऑस्टिनला येतोय, साडेपाच वर्षांचा.

---

रानजाई | रविवार, रात्री १०:४४

आत्ताच ॲपवर बघितलं. आहे, दोन प्रती, दोन्ही बाहेर, तीन जण रांगेत. तुझ्या भाच्याच्या नावाने चौथा नंबर लावून ठेवलाय.